होडीवरच्या फलकाला कोणता फॉन्ट? कंडेन्स्ड देवनागरी कसा निवडायचा, कसा बसवायचा

उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी मार्गावर बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. करमाळा तालुक्यातल्या काठच्या गावांतून पलीकडे इंदापूर तालुक्यात रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक पाण्याची वाट धरतात. होडीवर सूचना लिहायची तर जागा वीतभर आणि मजकूर मोठा: प्रवासी किती, लाइफ जॅकेट, वादळात प्रवास बंद. ती दुरून वाचता आली नाही, तर असून नसल्यासारखीच. अशा ठिकाणी कंडेन्स्ड, म्हणजे मुळातच अरुंद घडवलेला फॉन्ट कामी येतो.

साधाच फॉन्ट दाबला तर?

उभा काना बारीक होतो, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. 'क्ष', 'ख', 'ण' यांच्या पोटातली पोकळी बुजते. कंडेन्स्ड फॉन्टमध्ये ही जाडी आणि पोकळी नव्याने आखलेली असते.

निवडताना काय बघाल?

मुंबईच्या 'एक टाइप'चा 'अनेक देवनागरी' आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा 'खंड' हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात, व्यावसायिक कामालाही चालतात. 'अनेक'मध्ये अरुंद ते रुंद असे प्रकार आहेत.

'वाऱ्याचा', 'क्षमता', 'प्रवासी' हे शब्द टाइप करून बघा. 'ऱ्या' नीट जुळतो का, वेलांटी शेजारच्या अक्षराला भिडते का, ते तपासा. मग खऱ्या आकारात प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि लांबून वाचा. फार जाड वजन टाळा. ओळींमध्ये मात्रा-उकारांपुरती जागा सोडा.

बसवायचा कसा?

१. झिप फाइल उतरवून उघडा.
२. जुन्या सॉफ्टवेअरसाठी 'स्टॅटिक' फोल्डरमधली 'कंडेन्स्ड' नावाची टीटीएफ फाइल घ्या.
३. विंडोजवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' निवडा. मॅकवर डबल क्लिक करा.
४. डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी भलतीकडे गेली, तर 'वर्ल्ड-रेडी' पर्याय सुरू करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर नुसता फॉन्ट बदलून वाचता येत नाही. आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

छपाईला देताना अक्षरांचे 'कर्व्ह' करा, म्हणजे दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलणार नाहीत. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. कर्व्ह केल्यावर प्रवाशांचा आकडा टाइप करून बदलता येत नाही.