आमच्या अंगणांतला पाहुणा : शिंजीर

मनुष्यास जो पक्षी आवडतो, त्यास तो पिंजऱ्यांत घालूं पाहतो. परंतु आवडत्या पक्ष्यानें आपण होऊन आपल्या दारीं यावें, ह्यांत जो आनंद आहे तो पिंजऱ्याच्या धन्यास कधींच मिळत नाहीं. आमच्या परभणी जिल्ह्यांत असा दारीं येणारा एक पक्षी आहे. त्याचें नांव शिंजीर. अगदीं लहानशा अंगणांतही त्यास बोलावितां येतें. तें कसें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम पाहुण्याची ओळख करून घेऊं. शिंजीर चोंचीपासून शेपटीपर्यंत अवघा १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें ४ इंच भरतो. विणीच्या हंगामांत नर दुरून काळाकुट्ट दिसतो. पण उन्हांत वळला कीं तेंच अंग निळें-जांभळें झळकूं लागतें. मादी पाठीवर मातकट हिरवट व पोटाशीं फिकट पिवळी असते. हंगाम सरला म्हणजे नराचा हा थाट उतरतो व तो जवळजवळ मादीसारखाच दिसूं लागतो; फक्त गळ्यापासून छातीवर एक काळी रेघ उरते. म्हणून पुष्कळांस हे निरनिराळे पक्षी वाटतात. चोंच बारीक, लांब व खालीं वळलेली, जीभ नळीसारखी. फुलांतील मध चोखण्यास ह्याहून चांगली सोय कोणती?

ह्या मधाचें मोल तो चुकवितोही. फुलांत चोंच घालतांना कपाळास व गळ्यास पराग लागतात आणि ते पुढच्या फुलास पोंचतात. शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो, तेव्हां त्याच्या केशरी घोसांवर हें काम चाललेलें दिसतें. प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सालिम अली ह्यांनीं १९३१-३२ सालीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळीं आपला जिल्हा त्याच संस्थानांत होता. फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबणारीं फुलें ह्या विषयावरील त्यांचा लेख १९३२ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

आतां निमंत्रणाची तयारी. पहिली गोष्ट फुलांची. पळस लहान अंगणांत मावत नाहीं. परंतु एकेरी पाकळ्यांची जास्वंद, कर्दळ, डाळिंब व कोरफड ह्यांस फारशी जागा लागत नाहीं. कुंपणाशीं एखादा शेवगा असल्यास उत्तमच. एक झाड फुलायचें थांबलें म्हणजे दुसरें फुलावें, अशी निवड करावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे उन्हाळ्यांत काळी जमीन भेगाळते व घरांतही पाणी मोजून वापरावें लागतें. तरी भाज्या-तांदूळ धुतलेलें पाणी कर्दळीस घातल्यास ती जगते. सकाळीं पानांवर पाण्याचा हबका मारावा. ओल्या पानांत अंग घुसळून नाहणें शिंजिरास फार प्रिय आहे. साखरेचें पाणी टांगण्याच्या भरीस मात्र पडूं नये. तें उन्हानें आंबतें व त्यास मुंग्या लागतात.

तिसरी गोष्ट कीटकांची. शिंजीर केवळ मधावर जगत नाहीं. तो बारीक किडे व कोळीही खातो आणि पिलांस तर मुख्यतः हेंच भरवितो. झाडांवर विषारी औषध फवारणें म्हणजे पाहुण्याच्या ताटांत विष कालविण्यासारखें आहे.

चौथी गोष्ट आम्ही आमच्याच चुकीनें शिकलों. एका वर्षीं गुढीपाडव्याच्या साफसफाईंत कुंपणावरच्या फांदीस वाळक्या पानांचें, सालींचें व जळमटांचें एक बोचकें लोंबतांना दिसलें. केर समजून आम्हीं तें काठीनें पाडलें. पाहतों तों आंत कापूस घातलेला आणि दोन इवलींशीं अंडीं, दोन्हीं फुटलेलीं! थोड्याच वेळानें मादी आली. त्या रिकाम्या फांदीपाशीं ती पुनःपुन्हां पंख फडफडवीत राहिली. घरांतील लहानांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हांस उत्तर देववेना. शिंजिराचें घरटें केरासारखेंच दिसतें, आणि त्यांतच त्याचें संरक्षण असतें! मादी एकटीच तें कोळ्याच्या जाळ्यांनीं विणते, बाजूस दार ठेवते व दारावर लहानसें छज्जें काढते. सुमारें दोन आठवडे ती अंडीं उबविते. पिलांस भरविण्यास नरही येतो. म्हणून माघापासून ज्येष्ठापर्यंत फांद्या छाटण्यापूर्वीं नीट पाहावें, व कोपऱ्यांतलीं थोडीं जळमटें राहूं द्यावीं.

विणीच्या दिवसांत नर आरशांतील अथवा खिडकीच्या कांचेंतील आपल्याच प्रतिबिंबाशीं भांडत बसतो. तेव्हां कांचेवर फडकें टाकावें, म्हणजे त्याची दमछाक टळते. त्यास पकडण्याचा मोह तर कोणीं धरूंच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यांत ह्या नाजूक पक्ष्याचे हालच होतात.

पुढच्या वर्षीं त्याच कुंपणावर पुन्हां एक बोचकें लोंबूं लागलें. तीच मादी होती कीं दुसरी, कोण जाणे! आम्हीं गुढी उभारली, अंगण झाडलें. पण त्या फांदीखालचा केर तेवढा महिनाभर तसाच राहूं दिला.