दोन परवानग्या

आमच्या वडिलांना बडोद्याच्या दरबारची चाकरी कोवळ्या वयात लागली आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ती सुटली. पुढे नाना खासगी बैठकींतून गात राहिले. मी आठ-दहा वर्षांचा असताना दांडिया बाजारातल्या एका बैठकीत एका रसिकाने टेप लावण्याची परवानगी मागितली. "तुमच्यापुरती असेल तर लावा," नाना म्हणाले. दोन महिन्यांनी तेच गाणे, मधल्या खोकल्यासकट, भलत्याच घरी वाजताना त्यांच्या कानी पडले. ते रागावले नाहीत. त्या रात्री जेवले मात्र नाहीत. "मी ऐकू दिलं होतं, वाटू दिलं नव्हतं," एवढेच म्हणाले.

हे वाक्य मला गेल्या पावसाळ्यात आठवले, पण आठवावयास हवे होते त्याहून उशिरा. माझ्याकडे शिकणारी पंचविशीची एक मुलगी एकाएकी येईनाशी झाली. मग एके संध्याकाळी तिचे वडील आले. ज्याच्याशी तिचे लग्न ठरत आले होते, त्याने तिच्या मर्जीने काही खासगी छायाचित्रे काढली होती. सोयरीक मोडली आणि त्याने ती मित्रांच्या मोबाइलवर धाडली. हे ऐकून मी, म्हणजे नानांच्या मुलाने, पहिला प्रश्न कोणता विचारावा? "पण तिनं काढू दिलीच कशाला?" त्या गृहस्थांनी मान खाली घातली. "मास्तर, घरात सगळे तिला हेच विचारताहेत," ते म्हणाले. माझी मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी एका वकील स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ उघडून पुढे ठेवले. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मात्र ही तरतूद २०१३ मध्येच जुन्या दंडसंहितेत कलम ३५४-सी म्हणून आली होती. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे, टिपणे किंवा त्यांची चित्रे पसरविणे हा तीत गुन्हा आहे. पहिल्या खेपेस किमान एक ते कमाल तीन वर्षे, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि दंड. माझे डोळे उघडले ते कलमाखालच्या स्पष्टीकरणाने. छायाचित्र काढण्यास संमती होती, पण तिऱ्हाइतांना देण्यास नव्हती, तर ते पसरविणे हाही गुन्हाच. म्हणजे परवानग्या दोन, आणि पहिलीत दुसरी येत नाही. नानांनी जे सांगितले होते, ते कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. गाण्याची टेप आणि मुलीची अब्रू मी एका पारड्यात घालीत नाही. विश्वास मोडण्याची रीत मात्र तीच.

इंग्लंडने असा कायदा २०१५ मध्ये केला तेव्हा 'दुःख देण्याचा हेतू' सिद्ध करावा लागे. २०२३ च्या कायद्याने तेथे त्या हेतूवाचूनही गुन्हा धरला जाऊ लागला. आपल्या कलमात अशी अट मुळातच नाही. त्यात उणीव आहे ती दुसरी. ते केवळ स्त्रीपुरते आहे. पुरुषावर असा प्रसंग आला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई कडे वळावे लागते. ते कोणाही व्यक्तीला लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही कलमे कागदावरच राहतात असेही नव्हे. २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील तमलुक येथील न्यायालयाने अशाच प्रकरणात एका तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली.

वकिलांनी आणखी चार गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्याही उपयोगी पडाव्यात. घाबरून संदेश पुसू नयेत. तारीख, वेळ आणि पाठविणाऱ्याचा नंबर दिसेल अशा रीतीने ते जपावेत, तोच पुरावा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांविषयीच्या अशा गुन्ह्यांची खबर नाव न देताही नोंदविता येते. आणि २०२१ पासून 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक सोय आहे. तीत मूळ चित्र आपल्या फोनबाहेर जातच नाही. त्याचा केवळ एक आकडी ठसा तयार होतो, आणि या योजनेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तेच चित्र ओळखून अडवितात.

मुलीने तक्रार दिली. निकाल लागेल तेव्हा लागेल. न्यायालयाची गती आपण जाणतोच. पण घरातल्या त्या प्रश्नावर कोणत्याही कलमात तोड नाही. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा कायदा दिला, तेव्हाही कायदा आधी आला आणि मने मागाहून, रेंगाळत आली. येथेही तसेच दिसते.

दसऱ्यानंतर ती पुन्हा शिकावयास आली. मी काहीच विचारले नाही. तिने तंबोरा काढला, जवारी लावली आणि बराच वेळ नुसता षड्ज धरला. तिचे वडील बाहेर ओट्यावर बसून होते. जाताना मी त्यांना म्हटले, "त्या दिवशी मी चुकीच्या माणसाविषयी प्रश्न विचारला. 'त्यानं दुसऱ्यांना दिलीच कशी?' असं विचारायला हवं होतं." ते काही बोलले नाहीत; पण दुसऱ्या दिवसापासून तिला सोडावयास तिची आईही येऊ लागली.