किडनीचा जुनाट आजार: उतारवयात मीठ कमी करताना

किडनीचा जुनाट आजार असलेल्या ज्येष्ठांनी मीठ कमी केले की रक्तदाब आणि पायांवरची सूज आटोक्यात राहायला मदत होते. दिवसभरात सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरा. सैंधव हेसुद्धा मीठच!

‘लो सोडियम’ मीठ मात्र स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असते. कमजोर किडनी ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावरही बेतू शकते.

वयानुसार चव मंदावते. आजोबांना एकदम अळणी वाढले तर त्यांचे जेवणच तुटते आणि अशक्तपणा वाढतो. त्यामुळे मीठ हळूहळू कमी करा. जिरे, लसूण, कोथिंबीर वापरा. भूक किंवा वजन घटू लागले तर लगेच डॉक्टरांना सांगा.