कुत्र्याची खाज आणि पिसवेची लाळ

वाराणसीत आषाढ-श्रावणात गंगा घाटांच्या पायऱ्या चढू लागते. हवा दमट, उबदार होते. अशा हवेत पिसवा फोफावतात. पिसू चावताना तिची लाळ कुत्र्याच्या त्वचेत उतरते व काही कुत्र्यांचे शरीर तिच्याविरुद्ध अवाजवी प्रतिकार करते. हीच ॲलर्जी, हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. अशा कुत्र्यास एकदोन दंशही पुरतात: शेपटीच्या मुळाशी खाज सुटते, केस झडतात. पिसू दिसली नाही म्हणून संशय सोडू नये. चाटताना कुत्राच ती गिळून टाकतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने घरातील सर्व कुत्र्यामांजरांस औषध द्यावे. अंथरुणे कढत पाण्यात धुवावीत. अंडी तेथेच गळून पडतात. कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध मात्र मांजरास कधीही लावू नये. त्याने मांजर दगावू शकते.