गोरोंगोझाचे रान पुन्हा भरते आहे

अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघाले की देवगोईचा घाट लागतो. श्रावणात सातपुड्याचे हे डोंगर इतके हिरवेगार दिसतात, की येथे जनावरांना काय तोटा, असे वाटावे. या भागात वाघदेवाची पूजा आजही होते. पण प्रत्यक्ष वाघ पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो. रान हिरवे असणे निराळे आणि रान भरलेले असणे निराळे. हा फरक समजून घेण्यासाठी, मित्रहो, आपण आफ्रिकेतील मोझांबिक देशात जाऊ.

आपल्या गोव्याप्रमाणे तेथेही पोर्तुगीजांची सत्ता होती. १९६० साली गोरोंगोझा हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि हत्ती-सिंह पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येऊ लागले. १९७५ साली देश स्वतंत्र झाला. दोनच वर्षांत यादवी पेटली, ती १९९२ पर्यंत चालली. १९८१ च्या डिसेंबरात बंडखोरांनी उद्यानातील चिटेंगो या मुख्य ठाण्यावर हल्ला केला. १९८३ मध्ये उद्यान बंद करावे लागले. सैनिकांनी मांसासाठी जनावरे मारली, हस्तिदंत विकून शस्त्रे घेतली. तह झाल्यावरही शिकार लगेच थांबली नाही. मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. सुमारे २,५०० हत्ती होते, त्यांतले अडीचशेही उरले नाहीत.

उरलेल्या हत्तिणींत एक विलक्षण गोष्ट दिसली. आपल्याकडील हत्तिणीला मोठे सुळे नसतात. आफ्रिकेत मात्र नर-मादी दोघांनाही असतात. गोरोंगोझात युद्धापूर्वी शंभर हत्तिणींत अठरा-एकोणीस बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धानंतर पन्नासाच्या वर. सुळे नाहीत तर गोळी कशाला खर्च करायची? म्हणून त्या वाचल्या आणि तो गुण त्यांच्या मुलींत उतरला. बिनसुळ्यांचा नर मात्र तेथे दिसत नाही. असे का?

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचा उलगडा केला. हा गुण एक्स गुणसूत्राशी निगडित आहे. कागद-पेन्सिल घेऊन पाहा. बिनसुळ्यांच्या आईजवळ दोन एक्स, एक बदललेला आणि एक नेहमीचा. सुळेवाल्या बापाजवळ एक एक्स, एक वाय. जोड्या चार होतात : बिनसुळ्यांची मुलगी, सुळेवाली मुलगी, सुळेवाला मुलगा आणि बदललेला एक्स मिळालेला मुलगा. हा चौथा जन्मालाच येत नाही. म्हणजे तीन पिल्लांत दोन माद्या. मोजणीतही जवळपास हेच प्रमाण आढळले. बंदुका थंडावल्या तरी त्यांनी केलेली निवड कळपात अजून चालत आली आहे.

२००४ साली सरकारने अमेरिकन दानशूर ग्रेग कार यांच्या संस्थेशी करार केला आणि उद्यान सावरण्याचे काम जोमाने सुरू झाले. प्रथम कुंपण घालून संरक्षित भाग केला. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानातून ५४ रानम्हशी तेथे आणून सोडल्या. आधी चरणारे प्राणीच का? चरणारे गेल्यावर पूरमैदानावर आपल्या लाजाळूच्याच कुळातील एक काटेरी झुडूप माजले होते. (आपल्याकडची घाणेरी आठवा.) जनावरे वाढली, त्यांनी ते खाल्ले आणि झुडूप मागे हटले. मजुरांची फौज लावूनही हे इतके स्वस्तात झाले नसते.

शिकारी प्राण्यांचे काम मात्र नुसते मारण्याचे नसते. बुशबक हे झाडीत दडून राहणारे हरणासारखे जनावर. बिबटे आणि रानकुत्रे संपल्यावर ते उघड्या मैदानात निर्धास्त चरू लागले. शास्त्रज्ञांनी ध्वनिक्षेपकावर बिबट्याचा आवाज ऐकवला, तेव्हा ही जनावरे पुन्हा झाडीच्या आश्रयाला गेली! मग २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १४ रानकुत्रे आणले गेले.

हे उद्यान जसेच्या तसे परत आले आहे, असे मात्र समजू नका. पूर्वी येथे रानम्हशींचे मोठमोठे कळप होते. २०१८ च्या हवाई गणतीत मात्र वॉटरबक नावाची जनावरे पन्नास हजारांहून अधिक भरली. त्यांची वाढ सर्वांत वेगाने झाली.

सफारी पुन्हा सुरू झाल्या, पण पर्यटक हे भित्रे पाखरू. २०१३ च्या सुमारास चकमकी उसळल्या आणि ते दिसेनासे झाले. २०१९ च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळाने तो प्रदेश बुडवला. म्हणून केवळ सफारीवर विसंबता येत नाही. गोरोंगोझा पर्वतावरून उद्यानात पाणी येते. त्याच्या उतारांवर जंगल तोडून शेती होत होती. तेथे आता स्थानिक शेतकरी झाडांच्या सावलीत कॉफी पिकवतात, आणि कॉफीसाठी झाडे राखावीच लागतात.

त्याच वर्षी, १ ऑगस्टला, सरकार आणि पूर्वीचे बंडखोर यांनी लढाई थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या. ठिकाण होते, १९८१ साली हल्ला झालेले चिटेंगो.