जेल काढताना नख वाचवा, गिऱ्हाईक टिकेल

पार्लर चालवणाऱ्या तायांनो, आपल्या धरमतर-पेणकडच्या बायकांचे हात सतत पाण्यात. भांडी, मासळी, गणपतीची माती. लग्नासाठी लावलेलं जेल कडेने सुटलं की त्या ते ओरबाडतात, सोबत नखाचा थरही निघतो. अशा गिऱ्हाइकाला लगेच पुन्हा जेल लावू नका, लाँग-वेअर नेलपेंट सुचवा.

आधी जेलची चकाकी फाईलने हलकेच घासा. अ‍ॅसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळा. १० ते १५ मिनिटांनी लाकडी काडीने सरकवा. निघालं नाही तर परत गुंडाळा, खरवडू नका. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं. घरातच पार्लर असेल तर गॅस बंद, खिडकी उघडी.

मग नखं आखूड कापा. बेस कोट, रंगाचे दोन पातळ हात, वर टॉप कोट. नखाच्या टोकावरूनही ब्रश फिरवा. याला लॅम्प लागत नाही, साध्या रिमूव्हरने निघतं.

नख सुजलं असेल किंवा हिरवट दिसलं, तर काहीच लावू नका, डॉक्टरकडे पाठवा.

आणि खरं ते सांगा: हे साधारण आठवडाभर टिकतं, जेलइतकं नाही. नवं नख पूर्ण यायला सहाएक महिने लागतात. आज जेलचे पैसे बुडतील, पण विश्वास बसलेली ताई पुन्हा तुमच्याकडेच येईल.