कलम ४९१ : बिनचौकशीच्या बंदिवासावरील अर्ज

शेगावाहून संग्रामपुराकडे जाताना लागणारे वरवट बकाल हे गाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे. तेथील एखाद्या रयतेस सरकारने भारत संरक्षण नियमांखाली आरोपावाचून तुरुंगात डांबले, तर त्याच्या आप्तांना १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर हायकोर्टाची पायरी चढावी लागे. तेथे वकील ज्याचा आश्रय घेत ते क्रिमिनल प्रोसीजर कोडाचे कलम ४९१ दिसावयास अगदी साधे होते. बंदिवान कोण, कोठे आहे व कोणाच्या हुकुमाने आहे, एवढे लिहून पत्नीने किंवा स्नेह्याने अर्ज करावा, आणि कोर्टाने सरकारास जबाब विचारावा.

पण खरी मेख पुढेच होती. जबाबात सरकारने नुसते ‘आमची खात्री झाली आहे’ एवढे म्हटले, तर न्यायासनाने तेथेच थांबावे काय? विलायतेत १९४१ साली लिव्हरसिज खटल्यात लॉर्ड्सनी थांबावे असाच कौल दिला. लॉर्ड अ‍ॅटकिन तेवढे एकटे विरोधात उभे राहिले. इकडे केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये स्थानबद्धतेचा २६ वा नियमच अधिकारबाह्य ठरविला खरा, पण त्याच महिन्यात वटहुकूम काढून सरकारने ते छिद्र बुजविले. कायदा हरला की कायदाच बदलावयाचा, ही युद्धकालीन सरकारांची जुनी हातोटी!

अशा परिस्थितीत नागपुरास विमलाबाई देशपांडे यांनी आपल्या पतीसाठी, कादंबरीकार पु. य. देशपांडे यांच्यासाठी, जो अर्ज केला, त्याचे मोल आमच्या मते तळपदे-निकालाहूनही अधिक आहे. नियम १२९ अन्वये केवळ संशयावरून अटक करता येई. परंतु तो संशय सकारण होता हे सिद्ध करण्याचा बोजा अटक करणाऱ्यावरच आहे, असे ठरवून हायकोर्टाने ती कैद बेकायदा मानली, आणि सरकारने केलेले अपील १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनेही फेटाळले. एक बंदिवान सुटणे ही घरापुरती आनंदाची वार्ता खरी. पण यापुढे कारण अंमलदाराने दाखवावयाचे, बंदिवानाने आपले निरपराधित्व शाबीत करीत बसावयाचे नाही, हे ठरणे ही साऱ्या रयतेची मिळकत होती.

चीनच्या युद्धाच्या वेळी हेच संरक्षण नियम नव्या रूपाने परतले. त्यांखाली मुंबईच्या तुरुंगात असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी सरकारच्याच परवानगीने अणूविषयी मराठी पुस्तक लिहिले, तर हस्तलिखित बाहेर धाडण्यास सरकार राजी होईना! अणूच्या अंतरंगाने देशाच्या संरक्षणास कोणता बाध येतो, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी सुप्रीम कोर्टातर्फे निर्णय दिला की, स्थानबद्धतेच्या अटींत नसलेले बंधन बंदिवानावर लादता येत नाही.

१९७३ च्या नव्या संहितेत कलम ४९१ राहिले नाही. वरवट बकालच्या बंदिवानाच्या पत्नीस आज तोच अर्ज संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे करता येतो.